दाढीवाला स्पॉक, गायब झालेला पीटर आणि तुमची चिडचिड

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की सायन्स फिक्शन सिरीजमधला पॅरलल युनिव्हर्सवाला (म्हणजे आपल्यासारखंच पण वेगळं वळण घेतलेलं दुसरं जग दाखवणारा) एपिसोड बघून तुम्हाला काय वाटलं. आलेल्या पत्रांत निम्मी प्रेमपत्रं आहेत आणि निम्म्या तक्रारी, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही एकाच एपिसोडबद्दल. सगळी छापणं शक्य नाही, ज्यांच्यावर भांडायला मजा येईल ती घेतलीयेत. खाली स्पॉयलर पोत्याने आहेत, नंतर तक्रार चालणार नाही.

प्रश्न : पॅरलल युनिव्हर्सवाला एपिसोड लागला की मी सरळ इस्त्रीचे कपडे काढून बसते. तिकडच्या जगात कोण मेलं, कुणी कुणाला दगा दिला, काय फरक पडतो हो? पुढच्या आठवड्यात आपली माणसं जिथल्या तिथे. माझा मुलगा मात्र म्हणतो की 'स्टार ट्रेक'चा मिरर युनिव्हर्सवाला एपिसोड म्हणजे सगळ्यात भारी. कोण बरोबर?
— मुलाशी न पटणारी आई

उत्तर : ताई, तुमचा आक्षेप जुना आहे आणि असल्या बऱ्याच एपिसोडांना लागूही पडतो, पण नेमका मुलगा म्हणतोय त्याला लागू पडत नाही. 'मिरर, मिरर' अमेरिकेत ६ ऑक्टोबर १९६७ ला लागला, लेखक जेरोम बिक्सबी. कॅप्टन कर्क आणि त्याचे सहकारी मॅकॉय, स्कॉटी आणि उहुरा एका ग्रहावरून एंटरप्राइज या त्यांच्या अंतराळजहाजावर परत येत असतात, आयन वादळामुळे ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवणारं यंत्र) गंडतो आणि चौघं पोचतात भलत्याच एंटरप्राइजवर, जिथे फेडरेशनच्या (ग्रहांच्या शांतताप्रिय संघाच्या) जागी साम्राज्य आहे, वरच्याला संपवलं की प्रमोशन मिळतं, काम चुकलं की यातना देणाऱ्या यंत्रात उभं करतात आणि आपला गोड चेकॉव्ह संधी मिळताच कॅप्टनचा खून करायला निघतो. सेट तेच, नट तेच, भिंतीवर फक्त पृथ्वीतून आरपार गेलेली तलवार रंगवलेली.

आता फरक काय पडतो ते. एकतर तिकडचे चौघं त्याच वेळी इकडे आलेले असतात आणि आपला स्पॉक, म्हणजे जहाजावरचा व्हल्कन नावाच्या परग्रहवासी जमातीचा अधिकारी, त्यांना बघता बघता ओळखून कोठडीत टाकतो. शेवटी तो कर्कला जे सुनावतो त्याचा अर्थ असा की तुम्हा सुसंस्कृत लोकांना रानटीपणाचं नाटक सहज जमलं, त्या रानट्यांना सुसंस्कृतपणाचं नाटक काही जमलं नाही. वरवर ही स्तुती आहे, पण जरा थांबून ऐका, आपल्या लाडक्या चौघांना ते *सहज* जमलं असं तो म्हणतोय! मला तरी हा टोमणाच वाटतो.

आणि दुसरं म्हणजे निघताना कर्क तिकडच्या दाढीवाल्या स्पॉकला म्हणतो की हे साम्राज्य कोसळणार हे तुझं लॉजिकच तुला सांगतंय, मग तूच का नाही बदलत. स्पॉक म्हणतो, विचार करीन. एपिसोड खलास. पुढे त्याने काय केलं याचं पडद्यावरचं उत्तर यायला १९९४ उजाडलं. 'डीप स्पेस नाईन' या नंतरच्या स्टार ट्रेक सिरीजच्या 'क्रॉसओव्हर'मध्ये कळतं की स्पॉकने खरंच साम्राज्य सुधारलं, शांतता आणली, शस्त्रं कमी केली, आणि मग क्लिंगॉन आणि कार्डेशियन हे परग्रहवासी एकत्र आले, त्यांनी सगळं चिरडलं आणि माणसं गुलाम झाली. कर्कच्या त्या सुंदर भाषणाचं फळ हे! यावर फॅन्समध्ये सरळ दोन तट पडले, एकांना वाटलं हा जुन्या सिरीजच्या आशावादाचा अपमान आहे, दुसऱ्यांना वाटलं असा सीक्वेल आजवर झाला नाही. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. कारण दोन तासांसाठी पाहुणे म्हणून आलेल्या माणसाने सल्ला दिला आणि निघून गेला, निस्तरलं तिथल्यांनी, हे किती ओळखीचं आहे.

मात्र नंतर याच सिरीजने १९९९ पर्यंत त्या जगावर अजून चार भाग केले आणि शेवटी शेवटी तो प्रकार फॅन्सी ड्रेस झाला. त्या भागांना इस्त्री काढा, मी काही बोलणार नाही. फक्त जेनिफर असलेले दोन भाग सोडू नका. नायक कॅप्टन सिस्कोची ही बायको इकडे वारलेली आहे, तिकडे जिवंत आहे, आणि मुलाला म्हणजे जेकला आई दिसते पण ती त्याची आई नाहीये, ती त्याला ओळखतसुद्धा नाही, आणि तरी शेवटी त्याला वाचवताना जाते. तिकडे कोणी मेलं तर काय फरक पडतो म्हणालात ना, हे जेकला विचारा.

प्रश्न : दुष्ट जुळा म्हटलं की दाढीच का?
— गुळगुळीत दाढी करणारा सज्जन

उत्तर : त्या स्पॉकमुळेच. आणि गंमत बघा, त्या जहाजावर जरा तरी शब्द पाळणारा माणूस कोण असेल तर तोच दाढीवाला. नंतरच्या तमाम विनोदी सिरीजनी दाढी उचलली आणि हे विसरून गेले.

प्रश्न : 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी'च्या पहिल्या सीझनमध्ये कॅप्टन लोर्का मिररमधला आहे हे आम्ही मित्रांनी कितीतरी आठवडे आधी ओळखलं होतं, त्याच्या जहाजावरचा टायलर खरा कोण तेही ओळखलं होतं. एवढं मोठं सिक्रेट जर असं फुटत असेल तर लेखकांना पगार कशाचा? एपिसोड आला तेव्हा आम्ही फक्त हं म्हणालो.
— आधीच सांगितलं होतं

उत्तर : मित्रा, तुम्ही एकटे नव्हतात. टायलरचं तर नावावरूनच फुटलं. वोक नावाच्या क्लिंगॉनचं काम करणारा नट म्हणून श्रेयनामावलीत जावीद इक्बाल असं नाव होतं, आणि या नटाचा दुसरा एकही रोल, एकही मुलाखत कुठे सापडेना, मग फॅन्स शांत बसणार होते होय! हा माणूस अस्तित्वातच नाही आणि वोक आणि टायलर दोन्ही शाझाद लतीफच करतोय हे लोकांनी शोधून काढलं आणि जानेवारी २०१८ मध्ये सिरीजनेही ते कबूल केलं. लोर्काचं त्याच्या पुढच्याच आठवड्यात उघड झालं. उजेडाचा त्रास होणारे डोळे, उशाला पिस्तूल घेऊन झोपणं, पाठीवरचे व्रण, आणि सीझनच्या मध्यावर त्याने स्वतः जहाजाच्या उडीचा मार्ग गुपचूप बदलणं, सगळं पुढ्यात मांडून ठेवलेलं होतं.

पण ओळखता आलं म्हणून लेखक नालायक हे मला पटत नाही. पुरावे आधी दिसले आणि ते जुळले म्हणजे कारागिरी प्रामाणिक आहे. जिथे कुणालाच ओळखता येत नाही तिथे बहुतेक वेळा पुरावे दिलेलेच नसतात. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. उघड होईपर्यंत लोर्का हा जबरदस्त माणूस होता, युद्धाने करपलेला, नियम वाकवणारा, आणि तरी तो आपल्यातलाच आहे असं वाटायचं, त्याच्याकडे बघताना फेडरेशनबद्दल अस्वस्थ व्हायला व्हायचं. उघड झाल्यावर झालं काय, तर अच्छा, तो तिकडचा होता, मग काय, दुष्टच असणार. एका झटक्यात फेडरेशन निर्दोष सुटलं आणि पुढच्याच एपिसोडमध्ये लोर्का भाषणं ठोकणारा साधा व्हिलन होऊन मेला. जेसन आयझॅक्ससारखा नट हाताशी असताना!

खरं तर यात एक फार मोठी गोष्ट दडलेली होती. वर स्पॉकचं वाक्य सांगितलं ना, रानट्यांना सुसंस्कृतपणाचं नाटक जमत नाही म्हणून? लोर्काला जमलं. चांगलं महिनोनमहिने जमलं. अॅडमिरलपासून शिपायापर्यंत फार थोड्यांना शंका आली, कारण युद्ध चालू होतं आणि त्यांना असाच माणूस हवा होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पॉकला दिलेलं हे सणसणीत उत्तर आहे आणि सिरीज त्यावरून नुसती पुढे निघून गेली. तुमचा तो 'हं' त्याच्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : आमच्या घरात 'फ्रिंज' या सिरीजवरून रोज वाद. नवरा म्हणतो दुसऱ्या जगातली ऑलिव्हिया इकडे येऊन राहिली आणि पीटरला कळलं नाही यात त्याचा काय दोष, दिसायला सेम टू सेम. मी म्हणते प्रेम करतोस आणि माणूस ओळखता येत नाही? आणि चौथ्या सीझनबद्दल तर आम्ही बोलतच नाही आता. तुम्ही निकाल द्या.
— घरातली पहिली ऑलिव्हिया

उत्तर : वहिनी, निकाल देऊन मला दोन्हीकडून शिव्या खायच्या नाहीत, पण बोलतो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, दोन जगं आहेत. १९८५ मध्ये वॉल्टर नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा पीटर आजाराने गेला, तिकडच्या जगातला पीटरही त्याच आजाराने मरणार म्हणून हा तिकडे गेला आणि त्या मुलाला इकडे घेऊन आला, आणि त्या एका चोरीमुळे दोन्ही जगांना तडे जायला लागले. सगळ्या सिरीजचा पाया हा आहे. पहिल्या सीझनच्या शेवटी, मे २००९ मध्ये, इकडची नायिका ऑलिव्हिया तिकडे पोचते, समोर लिओनार्ड निमॉय (हो, तोच स्पॉक) आणि कॅमेरा मागे मागे येतो तेव्हा कळतं की आपण न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आहोत, ते टॉवर तिकडे उभेच आहेत. एकही संवाद नाही आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा.

तर पीटर. नवऱ्याचा मुद्दा असा की तिकडची ऑलिव्हिया ट्रेनिंग घेऊन, सगळा अभ्यास करून आली होती, आणि ती जराशी मोकळी, हसरी वागली तर त्याला वाटलं प्रेमात पडल्यामुळे बदललीये. ठीक आहे, मान्य. पण मला आवडतं ते हे की सिरीजने हे असंच सोडून दिलं नाही. खरी ऑलिव्हिया परत आल्यावर स्पष्ट सांगते की तुला कळलं नाही हे मला सहन होत नाही, माझं घर, माझे कपडे, माझं माणूस, सगळं तिने वापरलंय. म्हणून इतका चीड आणणारा ट्रॅक असूनही त्या तिसऱ्या सीझनवर बहुतेक फॅन्स फिदा आहेत. एक एपिसोड इकडचा, एक तिकडचा, टायटल्स इकडे निळी आणि तिकडे लाल, आणि हळूहळू तिकडची माणसंही आपलीच वाटायला लागतात. तुम्ही पॅरलल युनिव्हर्सवर चिडत नाही वहिनी, फॅन्स सहसा त्याच्यावर चिडतच नाहीत. जे सोसलं त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही की चिडतात.

आणि तेच चौथ्या सीझनचं दुखणं. मे २०११ मध्ये पीटर डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि वर सांगितलं गेलं की तो कधी नव्हताच. मग तो परत आला तर कुणाला आठवतच नाही. तीन वर्षांचं सगळं नातं आता फक्त त्याच्या आणि आपल्या डोक्यात! लोकांचा संताप झाला तो उगाच नाही, पण मला विचाराल तर सीझनचा पहिला अर्धा भाग धाडसी होता, प्रेक्षकाला पीटरइतकंच एकटं पाडलं त्यांनी, आणि ते मुद्दाम. माझा आक्षेप नंतरच्या भागाला आहे. ऑलिव्हियाला जुन्या आठवणी परत येतात, सगळे खूष. पण मग या टाइमलाइनमधली जी ऑलिव्हिया होती, जिला नीना शार्पने लहानपणापासून वाढवलं, ती कुठे गेली? तिच्या आठवणी पुसत गेल्या आणि तिच्यासाठी रडायला कोण, तर एकटी नीना. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघा परत एकदा, दोघं मिळून बघा, आणि मग भांडा. निदान भांडण नवीन विषयावर होईल.

प्रश्न : इतिहास एवढा वेगळा, शतकानुशतकं खून आणि कटकारस्थानं, तरी तीच माणसं जन्मतात आणि त्याच जहाजावर त्याच खुर्च्यांवर बसतात? हे विज्ञान आहे की थट्टा? आणि खरंच पॅरलल युनिव्हर्स असतात का?
— बीएस्सीचा विद्यार्थी

उत्तर : पहिल्या भागाला उत्तर, थट्टा. साधा हिशोब कर ना. माणसाच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या, त्यामुळे एका पालकाकडून येणाऱ्या पेशीत नुसत्या वाटपाचेच २ चा २३ वा घात, म्हणजे ८३,८८,६०८ प्रकार होऊ शकतात. दोघांचे मिळून सुमारे ७० लाख कोटी, आणि यात गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल धरलेलीच नाही. तुझ्या आईवडिलांच्या आयुष्यात त्या वेळी जरा इकडचं तिकडे झालं असतं तर तू नसतास, दुसरं कुणीतरी असतं. तेव्हा साम्राज्यातही कर्क कर्कच निघणं हे निव्वळ नाट्याच्या सोयीसाठी, नट तेच वापरायचेत म्हणून. हे एकदा मान्य करायचं आणि पुढे बघायचं. ज्याला हे मान्य करवत नाही त्याने 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चा १९९३ चा 'पॅरलल्स' बघावा, त्यात वर्फ एका जगातून दुसऱ्यात घसरत जातो आणि सुरुवातीला फरक किती, तर वाढदिवसाच्या केकचा. मग शेवटी आकाशात एंटरप्राइजच एंटरप्राइज, दोन लाख पंच्याऐंशी हजार. तिथे निदान असंख्य जगांतली आपल्यासारखी तेवढीच दिसतायत असं म्हणायला जागा आहे.

दुसरा भाग. ह्यू एव्हरेट नावाच्या तरुणाने १९५७ मध्ये प्रिन्स्टनच्या पीएचडीत मांडलं की क्वांटम मोजमापात एक शक्यता खरी होते आणि बाकीच्या मरतात असं मानायची गरजच नाही, सगळ्याच राहतात, वेगवेगळ्या शाखांमध्ये. त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही, तो फिजिक्स सोडून संरक्षण खात्याच्या कामाला लागला. १९७० मध्ये ब्राइस डिविट यांनी ती कल्पना परत पुढे आणली. आज काही भौतिकशास्त्रज्ञ ती मानतात, काही अजिबात मानत नाहीत. पण तुझ्या कामाचा मुद्दा असा की त्या सिद्धांतात शाखा एकदा फुटल्या की एकीतून दुसरीत जायची सोय नाही. ट्रान्सपोर्टर कितीही गंडला तरी नाही.

प्रश्न : 'डॉक्टर हू' सिरीजमध्ये डॉक्टरची साथीदार रोज (Rose) पॅरलल जगात अडकली तेव्हा मी ढसाढसा रडले होते. मग दोन वर्षांनी तिला परत आणलं आणि हातात एक डुप्लिकेट डॉक्टर दिला! मैत्रीण म्हणते किती गोड शेवट. मला फसवल्यासारखं का वाटतं?
— समुद्रकिनाऱ्यावरच अडकलेली

उत्तर : कारण तुमचे रडण्याचे पैसे परत केले त्यांनी आणि तुम्ही ते मागितले नव्हते. जुलै २००६ चा 'डूम्सडे', दोन जगांमधली भिंत बंद, समुद्रकिनाऱ्यावर डॉक्टर निरोपाचं शेवटचं वाक्य अर्धं म्हणतो आणि दिसेनासा होतो. ते अर्धं वाक्य हाच त्या गोष्टीचा जीव. २००८ मध्ये त्याच किनाऱ्यावर माणसाचं आयुष्य असलेला दुसरा डॉक्टर उभा करून ते पूर्ण केलं. मैत्रीण चुकीची नाही, रोजने खूप सोसलं होतं, तिला काहीतरी मिळायला हवं असं वाटणारे खूप फॅन्स आहेत, मला मात्र तुमचं पटतं.

तुम्ही १९७० चा सात भागांचा 'इन्फर्नो' बघाच. तिथे पॅरलल जग हुकूमशाहीचं आहे आणि डॉक्टर ते वाचवू शकत नाही, ते जग खरंच जळतं, आणि तिथून शिकलेलं घेऊन तो आपलं जग वाचवतो. परतावा वगैरे काही नाही. आणि एक किस्सा, त्यात डॉक्टरचा लष्करी मित्र ब्रिगेडियर याचा दुष्ट अवतार डोळ्याला काळी पट्टी लावतो, ते काम करणारे निकोलस कोर्टनी सांगायचे की शूटिंगच्या वेळी ते ऐटीत खुर्ची फिरवून वळले तर समोर सगळ्यांनीच डोळ्याला पट्ट्या लावलेल्या!

प्रश्न : मराठीत असं काही आहे का, की आपण फक्त इंग्रजी सिरीजवरच भांडायचं?
— उगाच खोचक

उत्तर : आहे की. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात पोचतात जिथे १७६१ मध्ये मराठे जिंकलेत, कारण विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात हुकली. एका गोळीच्या अंतरावर सगळा इतिहास फिरतो आणि त्याला क्वांटमची जोड दिलीये. यावर सिरीज काढा म्हणून पत्रं पाठवायची असतील तर आम्हाला नको, निर्मात्यांना पाठवा.

प्रश्न : मी दहावीत आहे. मिरर युनिव्हर्स बघायचंय पण 'स्टार ट्रेक'चे एवढे सीझन कोण बघणार? डायरेक्ट कुठून सुरू करू? बाबा म्हणतात सगळं पहिल्यापासून बघ.
— शॉर्टकट हवा

उत्तर : बाबांना सांग की परीक्षेनंतर बघतो सगळं. तोपर्यंत आधी १९६७ चा 'मिरर, मिरर', मग 'डीप स्पेस नाईन'चा 'क्रॉसओव्हर', या दोनसाठी फारशी तयारी लागत नाही. आणि मग 'एंटरप्राइज' सिरीजचा २००५ चा 'इन अ मिरर, डार्कली', दोन भाग. तो लागला तेव्हा सिरीज बंद होणार हे जाहीर झालं होतं, शेवटचे थोडेच एपिसोड उरले होते आणि लेखकांनी मस्त मोकाट सुटून लिहिलंय. यात आपल्या जगातलं एकही माणूस येत नाही, फक्त आपल्याकडचं भविष्यातलं एक जहाज तिकडे जाऊन पडलंय आणि त्याच्यासाठी सगळे एकमेकांचे गळे कापतायत. चांगला माणूस शोधत बसू नकोस, मिळणार नाही. सुरुवातीला 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' या जुन्या सिनेमातला तो प्रसिद्ध प्रसंग आहे, व्हल्कन पृथ्वीवर पहिल्यांदा उतरतात आणि कॉक्रेन नावाचा माणूस त्यांचं स्वागत करतो. तो आधी मूळ सिनेमात, आपल्या युनिव्हर्समधला बघून घे, म्हणजे इथे स्वागताच्या जागी कॉक्रेन बंदूक काढतो तेव्हा दचकशील. आणि काही झालं तरी टायटल्स स्किप करू नकोस, नेहमीची बदलून त्या एपिसोडपुरती वेगळी केलीयेत.